तक्रारपेटीतला दुःखी पती

आमच्या खात्यात सुधारणा जीपमधून यायची. आधी जीप, मग साहेब, मग फॉर्मांचा गठ्ठा आणि सगळ्यात शेवटी पेंटर. पेंटर आला म्हणजे समजायचं, ही सुधारणा थोडे दिवस राहणार. तो दवाखान्याच्या दर्शनी भिंतीवरचा जुना मजकूर चुन्यानं झाकायचा आणि वर नवा लिहायचा. चुना पातळ, त्यामुळे ऊन पडलं की खालची अक्षरंही उमटायची. मी नोकरीला लागले तेव्हा त्या भिंतीवर तीन सुधारणा एकाच वेळी वाचता येत होत्या, आणि तिघींचं एकमेकींशी जमत नव्हतं.

मी तिथं बाबू होते. हुद्दा सहायक ग्रेड तीन. मध्य प्रदेशात देवासच्या कारखान्यात मशीनवर उभं राहणाऱ्या माणसाची मुलगी, घरातली पहिली बी.ए. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या वडिलांनी हे कधीच कुणाला मागाहून सांगितलं नाही. भोपळ्याचा भाव विचारायच्या आधी ते भाजीवाल्याला माझी डिग्री सांगत. आमच्या कॉलनीत सगळे असेच, जळगाव-धुळ्याकडून कारखान्यांच्या मागे आलेले. गावातल्या जुन्या मराठी घराण्यांतल्या बायका आमची बोली ऐकून गोड आवाजात विचारत, "आपण कुणाकडच्या?" माझी आई म्हणे, "आम्ही पोरीकडच्या. ती बी.ए. आहे."

नेमणूक झाली धार जिल्ह्यात, गंधवानीच्याही पुढे. गावाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं आहेत अजून, आणि मला ओळखतात. तो नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध होता. नसबंदीची 'लक्ष्यं' सरकारनं नुकतीच रद्द केली होती, पण छापलेले फॉर्म जुनेच उरले होते. तेव्हा प्रत्येक फॉर्मवरच्या 'लक्ष्य' या शब्दावर काट मारून वर 'अपेक्षा' लिहायचं, हे माझं पहिलं काम. खालचा आकडा तोच ठेवायचा होता. तीन दिवस मी तेवढंच केलं, आणि घरी पत्र लिहिलं की देशाचं धोरण सध्या माझ्या हातून बदलतं आहे.

राहायला जागा नव्हती. दवाखान्याच्या मागं सिस्टरचं क्वार्टर होतं, दोन खोल्यांचं. सिस्टर म्हणजे नर्सबाई, पस्तिशीची, ठेंगणी, भरभर चालणारी. माझी ट्रंक पाहून ती म्हणाली, "आ जा बेन, यां कौन-सी बारात ठहरी है।" आणि मी तिच्याकडे राहिले ते राहिलेच. तिचा नवरा हाटपिपल्याला शाळामास्तर. मुलगी दुसरीत, त्याच्याजवळ. सिस्टर दर उन्हाळ्यात बदलीचा अर्ज करायची आणि दर पावसाळ्यात तो कुठं पोचला याची चौकशी. मुलगी पत्रातून नुसता हाताचा ठसा पाठवायची, पेनानं भोवती रेघ मारलेला. सिस्टर तो मागच्या ठशावर ठेवून बघायची, किती वाढली ते. त्या वर्षी पहिल्यांदा बातमी आली की बदलीच्या कच्च्या यादीत तिचं नाव आहे.

दवाखान्यात डॉक्टर होते, दिवस मोजणारे. चपराशी होता, निवृत्तीला आलेला, सगळ्या जगाला 'भिया' म्हणणारा. डॉक्टरांनाही, पण हळू. आणि बाळंतपणाची खोली होती, तिला सगळे लेबर रूमच म्हणत. त्या खोलीत टेबल होतं, खिडकी होती, साखळीवर टांगलेला वजनकाटा होता. पाणी नव्हतं. पाणी मैदानापलीकडे हॅन्डपंपाला. दाई म्हातारी, तिला दांडा ओढवत नसे. चपराशाला त्या खोलीत मनाई. म्हणून बाळंतपण चालू असताना सिस्टर स्वतः बादली घेऊन धावायची आणि जाताना आतल्या बाईला ओरडून सांगायची, "रोक के रखजे, हूँ अब्बी अई!" बाया बिचाऱ्या थांबायचा प्रयत्नही करायच्या.

अशात नवी सुधारणा आली. जीपमधून एक लाल पेटी उतरली. तिला वरून फट, समोर कुलूप, किल्ल्या दोन. आता जनताच सांगणार होती की दवाखाना कसा चालतो. पेटी दर शनिवारी उघडायची, तक्रारी वाचायच्या आणि महिन्याच्या शेवटी छापील फॉर्मात धारला कळवायच्या.

पहिल्या शनिवारी पेटीत झेंडूच्या पाकळ्या निघाल्या. आणि मक्याचे थोडे दाणे. लाल रंग, फट, कुलूप. लोकांना वाटलं देवाची आहे. दुसऱ्या शनिवारी पाकळ्या आणि बसचं एक तिकीट. तक्रारी नव्हत्या असं नाही. तक्रारी भरपूर होत्या, पण त्या लोक ओसरीत उभं राहून चपराशाला तोंडी सांगत, साग्रसंगीत, मधे पाणी पिऊन. लिहिता येणारी माणसं तिथं थोडी, आणि लिहिता येणारा माणूस आजारी पडला की तो सरळ इंदूरला जाई.

महिनाअखेर आम्ही 'निरंक', म्हणजे एकही नाही, असं कळवलं. आठ दिवसांत उत्तर आलं: निरंक माहिती स्वीकारली जाणार नाही, जनजागृतीत केंद्र कमी पडतं आहे असं मानलं जाईल.

डॉक्टरांनी पत्र वाचलं, चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं. "मैडम, आप तो बी.ए. हैं।"

मी समजले. आणि खरं लिहायचं तर मला आनंद झाला. तोवर माझ्या शिक्षणाचा उपयोग शब्दावर काट मारायला होत होता. आता मला दवाखान्याबद्दल लिहायचं होतं, तेही जनतेच्या वतीनं. मी निळं पेन आणलं, काळं आणलं, एक पेन्सिल. एक तक्रार उजव्या हातानं, एक डाव्या. खाली सह्या: 'एक ग्रामीण', 'एक वृद्ध', 'एक जागरूक नागरिक'. बाक मोडका आहे. मडक्यावर झाकण नाही. वॉर्डातल्या उंदराबद्दल मी पानभर लिहिलं. तो रोग्याच्या उशाला कसा येतो, भाकरीकडे कसा बघतो, आणि गरिबाच्या घासात वाटेकरी होतो. डॉक्टर धारच्या मीटिंगहून परतले ते जीपमधून उतरतानाच म्हणाले, "मैडम, साहब ने चूहा दो बार पढ़वाया। बोले, इस इलाके की जनता सबसे जागरूक है।"

मी त्या दिवशी चालताना जमिनीवर नव्हते. चपराशी म्हणाला, "भिया, जनता तो कमाल की निकली।" त्याला सगळं ठाऊक होतं. पेटीची दुसरी किल्ली त्याच्याकडेच असायची.

उंदराचं एवढं झालं म्हटल्यावर माझी हिंमत वाढली. वाटलं, आता खरी गोष्ट लिहावी. साहेब वाचतातच, तर पाण्याचं वाचू दे. म्हणून मी एका नवऱ्याच्या तोंडून लिहिलं: माझी पत्नी टेबलावर कळा देत असते आणि सिस्टर तिच्याजवळ नसते, ती मैदानापलीकडे हॅन्डपंपावर असते, या दवाखान्यात पाणी कधी येणार? खाली सही: 'एक दुखी पति'. मला ती माझी सर्वांत चांगली तक्रार वाटली. आजही वाटते.

गडबड फॉर्मात झाली. महिन्याच्या फॉर्मात तक्रारींचे चार रकाने होते: कर्मचारी अनुपस्थित, कर्मचाऱ्याचं वागणं, औषध नाही, साफसफाई नाही. पाण्याला रकाना नव्हता. पाचवा 'अन्य' होता, पण त्याच्याखाली बारीक अक्षरात छापलं होतं की हा रकाना भरू नये. मी पेन हातात धरून बराच वेळ बसले. उंदीर साफसफाईत गेला होता, मडकंही गेलं होतं. पण पाणीच नाही तर साफसफाई तरी कशी म्हणायची? मग मी मजकूर पुन्हा वाचला. 'सिस्टर तिच्याजवळ नसते.' बी.ए.ला तर्कशास्त्र होतं माझं. मी पहिल्या रकान्यात एकचा आकडा लिहिला.

धारला मजकूर कोणी वाचला नाही. रकाना वाचला.

नोटीस आली ती माझ्याच टेबलावर, कारण टपाल मीच घेई. 'एक दुखी पति' यांच्या तक्रारीवरून, प्रसूतीच्या वेळी कर्तव्यावर अनुपस्थित राहिल्याबद्दल सात दिवसांत कारण सांगा. सोबत दुसरं परिपत्रक, तीही नवी सुधारणाच: बदल्यांमध्ये पारदर्शकता आणण्यासाठी, ज्यांच्याविरुद्ध चौकशी चालू आहे त्यांची नावं यादीतून वगळण्यात येतील.

दुपारी जेवताना मी नोटीस तिच्यासमोर ठेवली. हातातला घास खाली ठेवून तिनं ती दोनदा वाचली. म्हणाली, "मैं अनुपस्थित? मैं तो अपनी छोरी के पास अनुपस्थित हूँ, यां तो मैं चौबीस घंटे बैठी हूँ।" मग थोड्या वेळानं, दात आवळून, "कौन है ये दुखी पति? मिल जाए तो ऐसा दुखी करूँ कि याद रखे।"

मी वरण ओरपत राहिले.

पुढचे दिवस वाईट गेले. सिस्टर गावातल्या एकेका नवऱ्यावर संशय घेई. कुणाचं पोर लसीला आणलं की आधी बापाकडे रोखून बघे, मग पोराला सुई टोचे. एक बाप घाबरून पोर दाईच्या हातात देऊन पळालाच. सिस्टर म्हणाली, "देखा? चोर की दाढ़ी में तिनका।" त्याला दाढी नव्हती.

मी चूक दुरुस्त करायला गेले. माझ्याजवळ एकच हत्यार होतं, तेच उचललं. पेटीत एक स्तुतिपत्र टाकलं, हिरव्या शाईत: या सिस्टरसारखी सिस्टर जिल्ह्यात नाही, तिनं माझ्या बायकोचे प्राण वाचवले. सही: 'एक सुखी पति'. पण स्तुतीला रकानाच नव्हता. पेटीतून निघालेला प्रत्येक कागद तक्रार म्हणूनच मोजायचा, असा नियम. डॉक्टरांनी तो सिस्टरच्या नावापुढे लिहिला. त्या महिन्यात तिच्यावर तक्रारी दोन झाल्या.

मग चौकशीचे साहेब आले. दिवस आठवडी हाटाचा निवडला, म्हणजे लोक भेटतील. साहेब जाडजूड, थकलेले, रुमालानं मान पुसणारे. त्यांनी ओसरीत टेबल लावलं आणि म्हणाले की तक्रारदाराचा जबाब झाल्याशिवाय चौकशी पुढे जाणार नाही आणि तक्रार मागे घ्यायची तर ती त्यानंच लेखी घ्यावी लागेल. कोण आहे हा पती, शोधा.

चपराशी हाटात गेला आणि त्यानं मधोमध उभं राहून पुकारा केला, "जो भी दुखी पति हो, दवाखाने चले! साहब आए हैं धार से!"

अर्ध्या तासात ओसरीत अकरा नवरे जमले. दोघे कोंबड्या घेऊन. साहेबांना समाधान वाटलं. त्यांनी पहिल्याला विचारलं, "तुम दुखी पति हो?"

"हउ साब।"

"क्या तकलीफ है?"

"पीहर गई है साब, तीन महीने से नी आई।"

दुसऱ्याची बायको माहेरून आली होती, पण सोबत सासूही आणली होती. तिसऱ्याला पटवाऱ्याबद्दल, म्हणजे तलाठ्याबद्दल, सांगायचं होतं, त्यात बायको कुठंच येत नव्हती. चौथा म्हणाला, साहेब, मी दुःखी नाही, मी दुःखी माणसाबरोबर आलो आहे. पाचव्यानं सिस्टरकडे बोट केलं. मी खांब धरला. तो म्हणाला, "ये बई ने म्हारा छोरा जीप में जनाया, रस्ते में, अपनी साड़ी फाड़ के। ईनाम मिले तो ईने दो।"

साहेबांनी घाम पुसला. "शिकायत किसने की, ये बताओ।"

कुणीच केली नव्हती. सिस्टर दाराशी ट्रे घेऊन उभी होती, तोंड एवढंसं झालेलं. साहेबांनी फाईल बांधायला घेतली आणि डॉक्टरांना म्हणाले, तक्रारदार सापडला नाही, तर चौकशी उघडीच राहील. पुढच्या महिन्यात पुन्हा बघू. बदल्यांची यादी त्या आठवड्यात निघणार होती. नाडीची गाठ मारेपर्यंतच वेळ होता.

मी नोकरीत पक्की नव्हते, दोन वर्षांचं प्रोबेशन चालू होतं माझं. वडिलांचा चेहरा समोर आला, भाजीवाल्यासमोरचा. मी पुढे झाले.

"सर, दुखी पति मैं हूँ।"

ओसरीत एक कोंबडी तेवढी बोलली. साहेबांनी चपराशाकडे पाहिलं, चपराशानं छताकडे.

"मैडम, आप शादीशुदा हैं?"

"नहीं सर।"

"तो फिर दुखी किस बात की?"

नवऱ्यांपैकी दोघांनी माना हलवल्या. मी सगळं सांगितलं. निरंकचं पत्र, पेन्सिल, डावा हात, चार रकाने. सिस्टरकडे बघितलं नाही. साहेब ऐकत गेले आणि त्यांचा रुमाल मानेवरच थांबला.

"चूहा भी?"

"हाँ सर।"

"मैडम, वो चूहा हमने भोपाल भेज दिया है।"

मग त्यांनी फाईलची नाडी पुन्हा सोडली. त्यांची अडचण मला तेव्हा नाही, पुढे कळली. तक्रार खोटी म्हणून लिहावं तर जिल्ह्याची सगळ्यात जागरूक जनता म्हणजे एक ग्रेड तीनची मुलगी, असं कळवावं लागणार. आणि तो अहवाल वर पाठवताना सही त्यांचीच होती. शेवटी त्यांनी विचारलं, "पानी नहीं है, ये तो सच है?"

"चला, दाखवते," मी म्हणाले, मराठीतच. त्यांना समजलं.

साहेब स्वतः बादली घेऊन हॅन्डपंपापर्यंत गेले. मागून डॉक्टर, मागून अकरा नवरे. भर दुपार. येताना अर्धी बादली साहेबांच्या बुटात गेली. दाराशी ती टेकवून ते धापा टाकत सिस्टरला म्हणाले, "ये आप रोज़ करती हैं?"

"दिन में पाँच-छै बार, साब। और उधर एक जनी चिल्लाती रेती है।"

त्यांनी तिथंच, ओल्या बुटांनी, निष्कर्ष लिहिला. तक्रार खरी आहे, तक्रारदारानं नाव गुप्त ठेवण्याची इच्छा दर्शवली आहे, कर्मचारी अनुपस्थित नसून पाण्यासाठी बाहेर जाते, पंधरा दिवसांत खोलीत नळ द्यावा, सिस्टर दोषमुक्त. आणि मला लेखी चेतावणी. कशाबद्दल द्यायची हा प्रश्न होता, कारण खोट्या तक्रारीबद्दल देता येत नव्हती. तक्रार तर खरी ठरली होती. तेव्हा 'रकाना चुकीचा भरल्याबद्दल' दिली. ती टाइप मीच केली.

सिस्टर माझ्याशी तीन दिवस बोलली नाही. त्या तीन दिवसांत माझ्या डाळीत मीठ नव्हतं. तिच्या डाळीत होतं. पातेलं एकच होतं; तिनं हे कसं जमवलं, मला आजतागायत कळलेलं नाही. चौथ्या दिवशी ताट पुढ्यात सरकवून ती म्हणाली, "हरी स्याही वाला भी तू ही थी?"

"हो."

"वो ठीक लिख्यो थो," ती म्हणाली, आणि मीठ पुन्हा सुरू झालं.

सुट्टीत देवासला गेले तेव्हा चेतावणीचा कागद घाबरत वडिलांना दाखवला. त्यांनी चष्मा लावला. "टाइप केलेलं आहे?"

"हो."

"सही जिल्ह्याच्या साहेबाची?"

"हो."

"म्हणजे जिल्ह्याचे साहेब तुला नावानं ओळखतात," ते म्हणाले, आणि तो कागद त्यांनी माझ्या डिग्रीच्या सर्टिफिकेटबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला. आई म्हणाली, "काय लिहिलंय त्यात?" वडील म्हणाले, "ऑफिसचं आहे."

नळ पंधरा दिवसांत आला नाही, पण आला. आधी काळी टाकी आली, पाइप नव्हता. पाइप आला तर तोटी नव्हती. तोटी डॉक्टरांनी स्वतःच्या क्वार्टरची काढून दिली आणि महिनाभर बादलीनं आंघोळ केली. त्यानंतर पेटीत आपोआप चिठ्ठ्या येऊ लागल्या, खऱ्या. लोकांनी पाहिलं होतं की कागद टाकला की साहेबाचे बूट भिजतात. लिहिता न येणारे माझ्याकडे येत आणि मी लिहून देई. आता उजव्याच हातानं. पुढे मी त्या खात्यात पुष्कळ सुधारणा पाहिल्या. आरोग्य मिशन आलं, गावागावात आशा सेविका आल्या, फॉर्म कम्प्युटरवर चढले. 'अन्य'चा रकाना भरायला परवानगी मिळाली तेव्हा मी देवासला बदलून आले होते, आणि मी आख्ख्या ऑफिसला पेढे दिले. कशाचे, ते कुणाला समजलं नाही.

पण ते नंतर. त्या पावसाळ्याआधी यादी निघाली आणि सिस्टरचं नाव तीत होतं. हाटपिपल्या. सुटायला नळ लागेपर्यंतचे दिवस गेले, मग तिच्या भारमुक्तीचा आदेश मी टाइप केला: अमुक तारखेला पूर्वाह्नात, म्हणजे दुपारच्या आधी, कार्यमुक्त. डॉक्टरांनी सही केली. सिस्टरनं नवी साडी नेसली, ट्रंक ओसरीत आणून ठेवली. बस एकची होती, आणि फाट्यापर्यंत चालायचं होतं.

साडेबाराला बैलगाडी आली. गाडीत एक बाई, आडवी, दातांत पदराचा बोळा. बदली सिस्टर अजून रुजू झाली नव्हती.

सिस्टरनं ट्रंक भिंतीला सरकवली आणि पदर खोचला.

"सिस्टर," डॉक्टर म्हणाले, "आप यहाँ से रिलीव हो चुकी हैं। कागज़ पर आप यहाँ हैं ही नहीं।"

"तो कागज ने बोलो, जनवा दे," ती म्हणाली आणि आत गेली. दार लागलं. आतून नळाचा आवाज आला, पूर्ण सोडलेला. चपराशी उगाच बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. एकची बस गेली. हॉर्न ऐकू आला फाट्यावरून. बाईचा नवरा मला विचारत होता की ही सिस्टर इथली की दुसरीकडची, आणि मला नीट सांगता येईना.

साडेतीनला मुलगी झाली. सिस्टर बाहेर आली, नव्या साडीचे काठ ओले. तिनं प्रसूतीचं रजिस्टर मागितलं. डॉक्टर म्हणाले, "साइन कैसे करेंगी? रिलीव आदमी साइन नहीं कर सकता।" तिनं पेन हातात तसंच धरलं आणि माझ्याकडे पाहिलं.

मी सकाळचा आदेश फाडला. तीन कार्बन घालून नवा कागद चढवला आणि 'पूर्वाह्न'च्या जागी 'अपराह्न' मारलं, इतक्या जोरात की वरच्या प्रतीला भोकं पडली. डॉक्टरांनी सही केली, सिस्टरनं रजिस्टरमध्ये सही केली, आणि भोकं पडलेली ती प्रत घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ती गेली.